बोइंगला रिझर्व्ह नसतो

२३ जुलै १९८३, शनिवारची संध्याकाळ. कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवर, विनिपेग सरोवराच्या काठी गिमली नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या लष्करी विमानतळावर त्या दिवशी विनिपेग स्पोर्ट्स कार क्लबचा कौटुंबिक मेळावा होता. दिवसाच्या शर्यती उरकल्या होत्या. धावपट्टीच्या टोकाला तंबू ठोकून मंडळी शेगड्या पेटवून बसली होती आणि दोन पोरं मोकळ्या पट्टीवर सायकली पिदडत होती. तेवढ्यात समोरून एअर कॅनडाचं बोइंग ७६७ आलं. आलं तेही आवाज न करता, कारण त्याची दोन्ही इंजिनं बंद होती. नुसत्या सायलेन्सरच्या आवाजावरून कोणाची गाडी येतेय ते सांगणाऱ्या मंडळींना एवढं अजस्र धूड अंगावर येईपर्यंत पत्ता लागला नाही.

विमानातलं इंधन संपलं होतं. टाकी गळत नव्हती. इंधन भरलंच कमी होतं. कॅनडा तेव्हा पौंडातून किलोत चालला होता आणि ७६७ हे एअर कॅनडाचं किलोत मोजणारं पहिलं विमान. त्यात इंधनाचा काटा बंद. म्हणून टाकीत पट्टीने मोजमाप झालं, लिटरचं वजन काढताना पौंडाचा गुणक लागला आणि २२,३०० किलोऐवजी २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान ओटावाहून एडमंटनला निघालं. ४१,००० फुटांवर ते रिकामं झालं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या चेतकवाल्याला यात नवल वाटू नये. बंद काटा, झाकण उघडून टाकीत एक डोळा लावणं, गाडी गदागदा हलवून आवाजावरून ‘आहे, पोचेल’ असा निर्णय देणं, हे सगळं त्याने वर्षानुवर्षं केलेलं असतं. फरक इतकाच, की चेतकला रिझर्व्हचा कॉक होता. तो फिरवला की पंपापर्यंतची सोय व्हायची. तेही संपलं तर स्कूटर एका अंगावर आडवी करायची, पाच आकडे मोजायचे आणि किक मारायची. बोइंगला या दोन्ही सोयी नव्हत्या.

वैमानिक बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा नाद होता, म्हणून निभावलं. सहवैमानिक मॉरिस क्विंटाल पूर्वी हवाई दलात असताना गिमलीलाच होते, म्हणून पट्टी आठवली. त्या पट्टीवर आता शर्यती होतात, ही बातमी मात्र त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. पुढचं चाक दुमडलं, नाक घासलं, ठिणग्या उडाल्या आणि विमान थांबलं. आतले ६९ जण जगले, खालची पोरंही वाचली. नाकाशी लागलेली आग शर्यतवाल्यांनी आपल्या हातातल्या अग्निशामक नळकांड्यांनी विझवली. विमान दुरुस्त करायला विनिपेगहून निघालेली तंत्रज्ञांची व्हॅन वाटेत पेट्रोल संपून बंद पडली, असंही सांगतात. हे खोटं असलं तरी खरंच मानावं, इतकं ते चपखल आहे.

ते विमान दोन दिवसांत उडून गेलं आणि २००८ पर्यंत सेवेत राहिलं. शर्यती तिथेच राहिल्या. गिमली मोटरस्पोर्ट्स पार्कमध्ये आजही मोटारी, मोटरसायकली आणि गो-कार्ट धावतात. १८७५ मध्ये आइसलँडहून आलेल्या स्थलांतरितांनी वसवलेलं हे गाव जगाला तीन गोष्टींसाठी माहीत आहे: एक बिनइंधनाचं विमान, एक क्राउन रॉयल व्हिस्की आणि दरवर्षीचा आइसलँडिक उत्सव. पैकी दुसरी प्रवाही आणि ज्वलनशील आहे, आणि तिसऱ्यात ती वापरली जाते.

विमानतळावर शर्यती हा प्रकार गिमलीपुरता नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जगभर काँक्रीटच्या लांबलचक पट्ट्या बेवारस पडल्या होत्या आणि तरुणांकडे जुन्या मोटरसायकली होत्या. दोन्ही एकत्र यायला वेळ लागला नाही. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन हा मूळचा बाँबर विमानांचा तळ, गुडवुड लढाऊ विमानांचा. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमची हवाई पट्टी. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला रीतसर ट्रॅक होईपर्यंत भारतातल्या मोटरसायकल शर्यतींची पंढरी तीच होती. डोंगर नाही, झाड नाही, सावली नाही. कडेला पेंढ्या आणि वर मद्रासचं ऊन.

गिमली आणि विनिपेग ज्या प्रांतात आहेत, त्या मॅनिटोबात ट्रॅकची गरज आणखी एका कारणाने आहे. तिथे वळणंच नाहीत. विनिपेगच्या बाहेर पडलं की रस्ता क्षितिजापर्यंत सरळ जातो, दोन्ही बाजूंना गहू किंवा पिवळी कॅनोला. मोटरसायकलचं टायर मधोमध चपटं होतं आणि कडा कोऱ्या करकरीत राहतात. वरंधा घाटात एका तासात जेवढी वळणं मिळतात, तेवढी इथे वर्षभर शोधावी लागतील. गाडी कलंडवायची हौस असेल त्याला विमानतळावर आखून दिलेली वळणं घ्यावी लागतात. सपाट पठारावरचा माणूस वळणासाठी प्रवेश फी भरतो.

आणि त्यात जर त्याला जुन्या टू-स्ट्रोकचा नाद असेल, तर मग वळणांसाठी तो थेट दुसऱ्या प्रांतात जातो. कॅनडातल्या जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती १९८० पासून व्हिंटेज रोड रेसिंग असोसिएशन ही संस्था भरवते. तिचं मुख्य बिऱ्हाड ऑन्टॅरिओत, आणि मोठं तीर्थ म्हणजे टोरांटोजवळचं मोसपोर्ट. विनिपेगहून ते सुमारे २,२०० किलोमीटर. पुण्याच्या माणसाने जम्मूला जायचं, तिथे दोन दिवस यामाहा आरएक्स पळवायची आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं, असा हा हिशेब. हे लोक व्हॅनमध्ये दोन मोटरसायकली, तीन इंजिनं आणि एक समजूतदार बायको घालून जातात. परतताना इंजिनांची संख्या बहुधा घटलेली असते.

मोसपोर्टचं महत्त्वही तसंच आहे. मोटरसायकलची जागतिक ग्रांप्री कॅनडात एकदाच झाली, ३० सप्टेंबर १९६७ रोजी, आणि ती इथेच. २५० आणि ५०० सीसी माइक हेलवूडने होंडावर जिंकल्या, १२५ सीसी बिल आयव्हीने यामाहाच्या टू-स्ट्रोकवर. त्याच चढउतारांवर आज साठीतले गृहस्थ चामड्याच्या तंग पोशाखात पोट कोंबून यामाहा आरडी ३५० पळवतात. पोशाख १९७५ सालचा असतो, पोट अलीकडचं.

आता टू-स्ट्रोकबद्दल दोन शब्द, कारण ज्यांची पहिली गाडी ॲक्टिवा होती अशी एक पिढी आता नोकरीला लागली आहे. फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे पंगतीत बसून, चित्राहुती घालून, वरणभात-पोळी-ताकभात अशा क्रमाने जेवणारा माणूस. टू-स्ट्रोक म्हणजे गाडीवर उभ्याउभ्या वडापाव खाणारा. पहिल्याच्या दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, दुसऱ्याच्या दर फेरीला एक. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, हलणारे भाग बोटांवर मोजण्याइतके. म्हणून वजन कमी आणि पिकअप दांडगा. वाईट एवढंच, की ताजं मिश्रण आत येतं तेव्हा जुना धूर अजून बाहेर निघत असतो, आणि त्या गर्दीत बरंचसं न जळलेलं पेट्रोलही धुराबरोबर निघून जातं. बऱ्याच गाड्यांत ऑइलची वेगळी सोय नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि जाळायचं. पंपावर पेट्रोलवाल्याने ‘टू-टी किती?’ विचारायचं, आपण ‘चाळीस मिली’ म्हणायचं आणि त्याने तो हातपंप दाबायचा, या संवादावर महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या वाढल्या.

शर्यतवाल्यांचं ऑइल मात्र साधं नसतं. जुन्या रेसिंगमध्ये ज्याच्या वासाने भलेभले डोळे मिटून घेतात, ते तेल एरंडाचं. कॅस्ट्रॉल या कंपनीच्या नावातच कॅस्टर म्हणजे एरंड आहे. प्रचंड उष्णतेतही एरंडेलाचा थर धातूला चिकटून राहतो, म्हणून विमानांच्या इंजिनांपासून रेसिंगच्या मोटरसायकलींपर्यंत ते वापरलं गेलं. जगातलं बहुतेक एरंड भारतात पिकतं, त्यातही गुजरातेत. आपल्याकडे रविवारी सकाळी आजीने नाक दाबून जे घशात ओतलं आणि ज्याच्या आठवणीने अजून अंगावर काटा येतो, त्याच्या धुरासाठी मोसपोर्टच्या पिटमध्ये माणसं रांगेत उभी राहतात. कोणी त्या वासाला अत्तर म्हणतो. त्याचं बालपण महाराष्ट्रात गेलेलं नसतं.

विनिपेगच्या माणसाची शर्यत तशी वर्षाचे चार-पाच महिने. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मोटरसायकल बाहेर काढता येत नाही. पारा उणे तीसच्या खाली जातो, मोटारीच्या इंजिनालासुद्धा रात्री विजेच्या प्लगला जोडून ऊब द्यावी लागते. बर्फ वितळलं की रस्त्यांवर हिवाळाभर टाकलेली वाळू उरते. दुचाकीला ती बर्फापेक्षा वाईट. मग ही माणसं उरलेले सात महिने करतात काय? गॅरेजमध्ये बसतात.

संवर्धन या भारदस्त शब्दाचा खरा अर्थ समजायचा तर असं गॅरेज बघावं. कोपऱ्यात हीटर घरघरतोय. बाकावर जुन्या चादरीवर हेड, ब्लॉक, पिस्टन मांडलेले. पिस्टनच्या अंगावर चार उभे ओरखडे. ते चार ठिकाणी समान अंतरावर दिसले की जाणकार मान हलवतो. याचा अर्थ पिस्टन तापून चहूबाजूंनी फुगला आणि ब्लॉकला घासला. एकाच बाजूला असते तर कारण वेगळं. मग ब्लॉक बोअरला जाणार, पाव मिलिमीटर मोठा ओव्हरसाइज पिस्टन येणार. तो जपानहून नाहीतर अमेरिकेहून, कस्टम भरून. रिंगांच्या फटीत फीलर गेज घालून बघितलं जातं. शेवटी उरतं ते पिस्टनपिनचं सर्क्लिप. हे क्लिप जगातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये एकदा तरी पक्कडीतून सुटतं, टण्‌ असा आवाज होतो आणि पुढचा अर्धा तास साठ वर्षांचा, दोन नातवंडं असलेला गृहस्थ टॉर्च घेऊन फ्रीजखाली झोपलेला असतो. वरून विचारणा होते, ‘अहो, जेवायला येताय ना?’ खालून उत्तर येतं, ‘सापडलं की येतो.’ हा संवाद विनिपेगमध्ये जसा घडतो तसाच कोथरूडमध्येही घडतो. फक्त कोथरूडला मिस्त्री हाताखालच्या पोऱ्याला लावतो शोधायला.

पण मॅनिटोबाचं टू-स्ट्रोकप्रेम हिवाळ्यात झोपत नाही, ते चाकं काढून पट्ट्यावर धावतं. स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची फटफटी: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये टू-स्ट्रोक इंजिन. क्वेबेकमधल्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली आणि कॅनडाच्या शेतकऱ्यांना जानेवारीतही वेगाचा नाद लागला. १९६६ मध्ये विनिपेगहून अमेरिकेतल्या सेंट पॉलपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरची स्नोमोबिल शर्यत निघाली. ज्या थंडीत माणसं कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दहा मिनिटं मनाची तयारी करतात, त्या थंडीत. विनिपेगच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर बोसेजूर हे गाव आहे. तिथे बर्फाच्या लंबगोल ट्रॅकवर कॅनेडियन पॉवर टबॉगन चँपियनशिप भरते, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून. जुन्या स्नोमोबिलही तिथे धावतात. पट्ट्याला खिळे, समोर बर्फाचा फवारा, हवेत तोच निळा धूर.

थंडीत टू-स्ट्रोकचं आणखी एक दुखणं निघतं. उणे ३० अंशांची हवा अधिक ३० अंशांच्या हवेपेक्षा जवळपास पाव हिश्श्याने दाट असते. हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. उष्णता म्हणजे ते चार ओरखडे. म्हणून कार्ब्युरेटरचं मेन जेट ऋतूप्रमाणे बदलावं लागतं. प्लग काढून त्याच्या पोर्सेलीनचा रंग बघायचा: चॉकलेटी असला तर ठीक, पांढरा पडला तर मोठं जेट घाल, काळा ओला असला तर लहान. आयुर्वेदात जिभेवरून पोटाचं निदान करतात, इथे प्लगवरून. पाण्याने थंड होणारी रेसिंग यामाहा असली तर आणखी एक काम. शर्यतीच्या नियमाप्रमाणे तिच्या रेडिएटरमध्ये अँटीफ्रीझ चालत नाही, कारण ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो. मग सीझन संपला की साधं पाणी आठवणीने काढावं लागतं. विसरलं तर विनिपेगचा डिसेंबर ते गोठवून ब्लॉक फोडतो. ही चूक कोणी दोनदा करत नाही, कारण दुसऱ्या वेळेपर्यंत ब्लॉक मिळालेला नसतो.

कॅनडाने या बाबतीत एक अस्सल माणूसही दिला. क्वेबेकचा इव्हॉन द्युआमेल. त्याने १९६८ आणि १९६९ मध्ये डेटोनाची २५० सीसी शर्यत यामाहावर जिंकली, मग कावासाकीचे तीन सिलिंडरांचे अंगावर येणारे टू-स्ट्रोक पळवले, आणि मध्येच १९७० मध्ये स्नोमोबिलचं ईगल रिव्हर विश्वविजेतेपदही घेतलं. उन्हाळ्यात डांबर, हिवाळ्यात बर्फ, इंधन तेच. बोंबार्दिएंच्या कंपनीने पुढे कॅन-ॲम नावाने ऑस्ट्रियन रोटॅक्स इंजिनांच्या मोटरसायकली काढल्या. १९७४ मध्ये अमेरिकेच्या २५० सीसी मोटोक्रॉस स्पर्धेत पहिले तिन्ही नंबर कॅन-ॲमचे होते. त्यानंतर कंपनीने अर्थातच हळूहळू या धंद्यातलं लक्ष काढून घेतलं.

टू-स्ट्रोकची खरी विद्या सायलेन्सरमध्ये असते, हे आपल्याकडच्या कॉलेजकुमारांना अर्धवट माहीत होतं. म्हणून ते सायलेन्सरच्या आतली पुंगळी काढायचे. पुंगळी काढली की आवाज वाढतो, कॉलेजच्या फाटकाशी माना वळतात, आणि गाडी पूर्वीपेक्षा हळू पळते. कारण सायलेन्सरच्या त्या पोट फुगलेल्या, शेवटाला निमुळत्या नळीचं काम आवाज दाबण्याचं नसतंच. इंजिनातून निघालेली दाबाची लाट तिच्यातून जाऊन निमुळत्या टोकावरून परत फिरते आणि पळून चाललेलं ताजं मिश्रण ढकलून सिलिंडरमध्ये परत कोंबते. हे गणित पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यातल्या वाल्टर काडेन या अभियंत्याने पक्कं बसवलं. पैसा नाही, चांगलं पोलाद नाही, वरून सरकारी कारखाना. तरी त्याच्या १२५ सीसी इंजिनाने १९६१ मध्ये २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे २०० झाली. आपली लाडकी आरएक्स १०० तिच्या ९८ सीसीतून ११ द्यायची, आणि तेवढ्यावर आपण कोल्हापूरच्या रंकाळ्याला प्रदक्षिणा घालून जग जिंकायचो.

काडेनची विद्या जगभर पोचली ती एका पळपुट्यामुळे. त्याचाच स्वार एर्न्स्ट डेगनर १२५ सीसीच्या विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबर १९६१, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झालेला. स्वीडनच्या ग्रांप्रीत डेगनरचं इंजिन बिघडलं आणि त्याच दिवसांत तो पश्चिमेकडे पसार झाला. बायको-मुलांना मोटारीच्या डिकीत लपवून आधीच सीमेपार काढलं होतं. पुढच्या वर्षी तो सुझुकीकडून उतरला आणि १९६२ ची ५० सीसी स्पर्धा जिंकून सुझुकीला पहिलं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर जपानी टू-स्ट्रोकने जगाला धुरात बुडवलं. भारतात १९८० च्या दशकात आलेली इंड-सुझुकी, आरएक्स, कावासाकी बजाज या सगळ्यांच्या सायलेन्सरच्या पोटात ती एक डिकी दडलेली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

या जपानी लाटेतला सर्वांत दुर्दैवी पाहुणा म्हणजे आरडी ३५०. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये फरिदाबादला ती ‘राजदूत ३५०’ म्हणून काढली. तोवर जगात ती जुनी झाली होती, पण भारतात तिच्यापुढे कोणी उभं राहू शकत नव्हतं. पहिली गाडी साडेतीस अश्वशक्तीची. मग लोक घाबरले म्हणून आणि पेट्रोल पितेय म्हणून ती २७ वर आणली. उपयोग झाला नाही. भारतीय गिऱ्हाईक शोरूममध्ये येतं ते एकच प्रश्न घेऊन, आणि लिटरमागच्या किलोमीटरचं उत्तर ऐकून हात जोडून निघून जातं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. टाकी भरा आणि विसरा, असं सांगणारी. आपला समाज विसरायला केव्हाही तयार असतो. आरडी गेली, १९९६ मध्ये आरएक्स १०० गेली, त्याच वर्षी म्हैसूरच्या आयडियल जावाचं शटर पडलं आणि येझदी गेली. २००० च्या प्रदूषण नियमांनी उरलेल्यांपैकी बहुतेकांचा निकाल लावला. किकचाच गिअर आणि गिअरचीच किक असलेली ती येझदी कितीतरी वाड्यांच्या बोळांत पावसात उभी राहिली आणि शेवटी किलोच्या भावाने गेली. भंगारवाल्याला पौंड-किलोचा घोळ कधी होत नाही.

आज तीच आरडी ३५० कॅनडातल्या जुन्या शर्यतींत गट राखून धावते, आणि पुण्या-मुंबईत चांगल्या आरएक्सला मालक नव्या मोटरसायकलपेक्षा जास्त भाव सांगतो, वर ‘द्यायची नाहीये, पण बोला’ असं म्हणतो.

शर्यतीत एक गोष्ट मात्र गमतीची नाही. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. भरधाव येऊन वळणाआधी थ्रॉटल मिटला की पेट्रोल तुटतं, त्याबरोबर ऑइलही, आणि पिस्टन जाम होऊ शकतो. मागचं चाक एका क्षणात लॉक होतं. म्हणून टू-स्ट्रोकवरचा मुरलेला स्वार डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवतो. इंजिनाचा सूर किंचित बदलला की क्लच आधी, विचार नंतर. मोसपोर्टला जिंकलेला बिल आयव्ही जुलै १९६९ मध्ये पूर्व जर्मनीतल्या झाक्सेनरिंगला सरावात असताना त्याच्या चार सिलिंडरांच्या जावाचं इंजिन जाम झालं आणि तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. जुन्या शर्यतींच्या तपासणीत म्हणूनच कोणी हसत नाही. ऑइलचे बोल्ट तारेने बांधले आहेत का, पोशाखाची शिवण उसवली आहे का, हेल्मेट कोणत्या साली बनलं, सगळं पाहतात. गाडी १९७० ची चालते, हेल्मेट चालत नाही.

यावर एक पक्ष म्हणतो, मग पळवता कशाला? काचेच्या कपाटात ठेवा, क्रोमला पॉलिश करा, रविवारी लोकांना दाखवा. त्यांचं चुकत नाही. एक पिस्टन जाम झाला की मूळ ब्लॉकची एक साइज कमी होते, आणि चार-पाच साइजनंतर तो ब्लॉक कायमचा गेला. पण उभ्या टू-स्ट्रोकचं जे होतं, तेही काही वेगळं नाही. क्रँकची सीलं वाळतात, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल डिंकासारखं चिकट होतं, ओलाव्याने क्रँकची बेअरिंगं गंजतात. बाहेरून नवी नवरी, आतून जाम. म्हणून विनिपेगच्या गॅरेजवाल्याचा मार्ग बरा: सात महिने जपायची, पाच महिने पिळायची. टू-स्ट्रोक हे प्रदूषण करणारं, पेट्रोल सांडणारं, कानठळ्या बसवणारं इंजिन आहे, आणि ते रोजच्या रस्त्यावरून गेलं हे उत्तमच झालं. एका चौकात पन्नास चेतक सिग्नल सुटायची वाट पाहत असताना मध्ये उभा राहिलेला माणूस याबद्दल वाद घालणार नाही. पण वर्षातून दोन-चार दिवस, रिकाम्या विमानतळावर, थोडा निळा धूर परवडतो. तिथे आलेलं बोइंगदेखील तक्रार न करता थांबलं होतं.

तेव्हा तुमच्या गावाकडच्या पडवीत, ताडपत्रीखाली एखादी येझदी, आरएक्स किंवा काकांची राजदूत पडली असेल, तर तिचा जाहीर लिलाव करण्यापूर्वी एवढं करा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, कार्ब्युरेटरचं भांडं सोडून रिकामं करा, प्लग काढून त्या भोकात चमचाभर टू-टी ऑइल सोडा आणि महिन्यातून एकदा प्लग न लावता किक फिरवा. मग ज्याला खरंच नाद आहे अशा एखाद्या मिस्त्रीला दाखवा. आणि पुंगळी आधीच काढलेली असेल, तर शोधून परत बसवा.